किण्वनशास्त्रातील विद्यार्थी-प्रकल्प : एका उणिवेची चिकित्सा

पदव्युत्तर सूक्ष्मजीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांना बिअर-निर्मितीवरील प्रकल्प आकर्षित करतो. ज्वारीचे वा नाचणीचे माल्ट करावयाचे, त्यातील स्टार्चची साखर करून गोड अर्क उकळावयाचा, थंड झाल्यावर यीस्ट मिसळावयाचे आणि घनता, सामू व अल्कोहोलचे प्रमाण मोजावयाचे, असे त्याचे स्वरूप असते. प्रयोगतंत्र शिकविण्यासाठी हे उपयुक्तच आहे. तथापि अशा प्रकल्पांच्या निष्कर्षांत एक गंभीर उणीव वारंवार आढळते. एकाच फ्लास्कमधील द्रवाची तीन वेळा मोजणी होते, सरासरी काढली जाते आणि अमुक धान्य श्रेष्ठ असा निर्वाळा दिला जातो. वस्तुतः तीन वाचने म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. त्यांतून मोजमापातील त्रुटी समजते. दोन किण्वनांमधील स्वाभाविक तफावत समजत नाही.

या प्रश्नाचे उत्तर याच व्यवसायातून आले, हे लक्षणीय आहे. डब्लिनच्या गिनेस कंपनीत १८९९ मध्ये रुजू झालेले विल्यम सीली गॉसेट यांना मोजक्या नमुन्यांवरून निर्णय घ्यावे लागत. १९०८ मध्ये ‘बायोमेट्रिका’ या नियतकालिकात त्यांनी लहान नमुन्यांविषयीचे विवेचन प्रसिद्ध केले, तेही ‘स्टुडंट’ या टोपणनावाने. त्यातूनच पुढे आर. ए. फिशर यांच्या कार्यामुळे टी-चाचणी रूढ झाली. मोठ्या नमुन्याच्या सरासरीसाठी ९५ टक्के विश्वासमर्यादा काढताना १.९६ हा गुणक पुरतो. तीन स्वतंत्र किण्वनांसाठी तो ४.३०३, तर दोहोंसाठी १२.७०६ होतो. प्रयोग जितके थोडे, तितका निष्कर्षात संयम हवा, हाच त्याचा अर्थ. प्रत्येक धान्याचे एकच किण्वन असेल, तर त्यांच्या तुलनेस ही चाचणी लावताच येत नाही.

अपुरा अवधी व साधनांची टंचाई या अडचणी खऱ्या आहेत. परंतु आठच फ्लास्क उपलब्ध असतील, तर आठ धान्यांऐवजी दोनच धान्ये निवडून प्रत्येकी चार किण्वने आरंभापासून स्वतंत्रपणे करता येतात. त्याचबरोबर ‘फरक सिद्ध झाला नाही’ हा निष्कर्षही पूर्ण गुणांस पात्र मानावयास हवा. केवळ यशस्वी निष्कर्षालाच गुण मिळतात असे दिसले, की विद्यार्थी आकडे जुळवावयास शिकतो आणि त्याखाली मार्गदर्शकाची स्वाक्षरी असते. म्हणून या सुधारणेचा आरंभ मूल्यमापन करणाऱ्या अध्यापकांपासूनच व्हावयास हवा.