बिनटाक्याच्या शस्त्रक्रियेतले टाके

‘बिनटाक्याची शस्त्रक्रिया, दुसऱ्या दिवशी घरी’ असे शब्द दवाखान्यांच्या पाट्यांवर आणि आरोग्य शिबिरांच्या पत्रकांवर सर्रास दिसतात. मोतीबिंदूच्या बाबतीत त्यांत तथ्य आहे. खांद्याच्या फाटलेल्या कंडरेच्या बाबतीत मात्र ते दिशाभूल करतात. ही शस्त्रक्रिया म्हणजे मुळात टाके घालण्याचेच काम. टाके आत असतात म्हणून दिसत नाहीत, इतकेच.

शाळेतली लिंबू-चमच्याची शर्यत आठवा. खांद्याचा सांधा काहीसा तसाच आहे. दंडाच्या हाडाचा गोल माथा मोठा, आणि खांद्याच्या पात्यावरची त्याची खोबण उथळ. हात वर नेताना खांद्यावरचा मोठा स्नायू हे लिंबू वर खेचतो. ते घसरू नये म्हणून चार लहान स्नायू त्याला खोबणीत दाबून धरतात. या चौघांच्या कंडरा माथ्याभोवती जे वेष्टण तयार करतात, त्याला रोटेटर कफ म्हणतात. बहुधा फाटते ती वरची, सुप्रास्पायनेटस स्नायूची कंडरा. नारायणगावच्या परिसरात द्राक्षाच्या मांडवाखाली तासन्‌तास हात वर धरून विरळणी करणाऱ्या बायकांचे हे चार स्नायू किती राबत असतील, याची कल्पना करावी.

शस्त्रक्रियेत तीन-चार लहान छिद्रांतून दुर्बीण आणि हत्यारे आत घालतात, हाडात बारीक खुंट्या बसवतात आणि त्यांच्या दोऱ्यांनी कंडरा हाडावर ओढून बांधतात. कातडीची छिद्रे दहा-बारा दिवसांत भरतात. पत्रकांचा हिशेब इथेच संपतो, आणि माझा आक्षेप आहे तो यालाच. दोरा कंडरेला फक्त जागेवर धरतो. तिला हाडाशी जोडण्याचे काम शरीराचे. निरोगी खांद्यात कंडरा आणि हाड यांच्यामध्ये कूर्चेचे दोन थर असतात, पहिला मऊ आणि दुसरा कॅल्शियम साठून कठीण झालेला. त्यामुळे ताण एकाच रेषेवर न येता पसरतो. शस्त्रक्रियेनंतर हे थर पूर्ववत तयार होत नाहीत. त्या जागी व्रणासारखी ऊती येते. तिच्यातले कोलॅजेन आधी दुबळे आणि विस्कळीत असते, आणि पुढे कित्येक महिने हळूहळू बळकट होत जाते. म्हणून साधारण चार ते सहा आठवडे हात झोळीत, तीन महिन्यांच्या सुमारास ताकदीचे व्यायाम आणि जड कामाला सहा महिने. वय, मधुमेह, धूम्रपान यांनी हा काळ आणखी बिघडतो.

दुर्बिणीचे फायदे खोटे नाहीत. वरचा स्नायू उकलावा लागत नाही, जंतुसंसर्गाचा धोका घटतो. परंतु ब्रिटनमध्ये २७३ रुग्णांवर केलेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनेत, उघडी शस्त्रक्रिया आणि दुर्बिणीची शस्त्रक्रिया यांच्या परिणामांत दोन वर्षांनंतर फरक आढळला नाही. छिद्राच्या आकाराशी कंडरेला देणेघेणे नसते, एवढाच त्याचा अर्थ.

त्याहून विचार करायला लावणारे निष्कर्ष २००४ साली अमेरिकेत निघाले. दुर्बिणीतून मोठ्या फाटी शिवलेल्या अठरा रुग्णांची वर्षभरानंतर सोनोग्राफी केली, तेव्हा सतरा जणांच्या कंडरेत पुन्हा फट दिसली. तरीही बहुतेकांचे दुखणे कमी झाले होते. लहान फाटी पुष्कळच चांगल्या भरतात, हे खरे. पण दुखणे थांबणे आणि कंडरा जुळणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत हे या अभ्यासाने स्वच्छ दाखवले. ‘बरे झाले’ हा शब्द आपण दोन्हींसाठी वापरतो, म्हणून घोटाळा होतो.

सचिन तेंडुलकरच्या खांद्यावर मार्च २००६ मध्ये लंडनला शस्त्रक्रिया झाली. भारताकडून तो पुन्हा खेळला सप्टेंबरमध्ये. त्याच्या दिमतीला तज्ज्ञ होते आणि रोजंदारी बुडण्याची भीती नव्हती. जुन्नर-आंबेगावच्या मजुराचे वेळापत्रक हंगाम ठरवतो. समजा, ऑगस्टच्या मध्यावर शस्त्रक्रिया झाली. ऑक्टोबर छाटणीला आठ आठवडे झालेले असतात, झोळी निघालेली असते, दुखणेही बरेच ओसरलेले असते. नेमका तेव्हाच हात मांडवाकडे जातो, आणि पुन्हा फाटण्याची शक्यता पहिल्या काही महिन्यांतच सर्वांत जास्त असते. एप्रिलची खरड छाटणी आटोपून मे महिन्यात शस्त्रक्रिया केली, तर ऑक्टोबरपर्यंत पाच महिने मिळतात. पत्रक छापणाऱ्यांनी रुग्णालयातल्या दिवसांच्या शेजारी हे महिनेही छापावेत.