टाळ कुणाचा वाजतो आहे?



आळंदीहून निघणाऱ्या माउलींच्या पालखीचा तळ तुम्ही पाहिला असेल. संध्याकाळी दिंड्या पालखीभोवती उभ्या राहतात. चोपदार दंड उंच करतात आणि हजारो टाळ एकदम थांबतात. मात्र ज्या दिंडीची काही तक्रार असेल, तिचे टाळ वाजतच राहतात. चोपदार तिथे जाऊन गाऱ्हाणे ऐकतात. हरवल्या-सापडल्या वस्तू पुकारल्या जातात, मग आरती होते. समाजआरती हा विधी आहे आणि तोच कारभारही आहे.

आता आपल्या वऱ्हाडातल्या सप्त्याकडे या. चाळीस वर्षे मी अमरावती-अकोल्याकडे कीर्तने केली. अकोला जिल्ह्यातल्या एका गावी काल्याचे कीर्तन होते. वेळ दहाची. आधी पाहुण्यांचे सत्कार सुरू झाले. शाल, नारळ, हार, प्रत्येकाचे दोन शब्द. साडेअकरा वाजले. तेवढ्यात एक म्हातारे शेतकरी मांडवात उठून म्हणाले, "भाऊ, गावानं देल्ल्या गहू-तुरीचा हिशोब तं वाचा." कारभारी म्हणाले, "बाबाजी, आज मंगल दिवस आहे, हिशोबाचं मंग पाहू." म्हातारे खाली बसले. माझ्या खांद्यावर त्याच सत्काराची शाल होती. मी टाळ उचलले आणि भजनाला सुरुवात केली.

त्यांचा टाळ वाजत होता. मी तो माझ्या टाळांनी बुडवला.

सत्कार वाईट असे मी म्हणत नाही. अन्नदान करणाऱ्याला नारळ द्यावाच. पण प्रश्न झाकायला विधी वापरला की त्याचा आडोसा होतो. गाडगेबाबा याच मातीतले. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ त्यांनी देह ठेवला. गावात आले की आधी हाती खराटा, कीर्तन रात्री. कुणाला पाया पडू देत नसत. आपण खराटा विसरलो आणि हार तेवढे ठेवले.

काल्यात प्रत्येकाची शिदोरी सगळ्यांसमोर एकत्र होते. म्हणून विनंती एवढीच, की काल्याच्या दिवशी पहिला हार घालण्याआधी जमाखर्च मोठ्याने वाचावा. धर्मादाय कार्यालयात कागद गेला, तरी ज्या घरातून पायली निघाली त्या घराला ऐकण्याचा हक्क राहतोच. आणि कीर्तनकार बंधूंनो, हिशोब वाचला जाईपर्यंत शाल घेऊ नका. मी घेतली. ते बाबाजी आता नाहीत, आणि हिशोब अजून वाचायचा आहे.

रामकृष्णहरि.