मथुरेचे संग्रहालय आणि विश्वस्तपणाचा प्रश्न

पालि वाङ्मयाच्या अभ्यासकांना 'मधुरा' हे नगर दोन सुत्तांमुळे विशेष परिचित आहे. मज्झिमनिकायातील मधुरसुत्तात महाकच्चान स्थविर राजा अवंतिपुत्ताला समजावून सांगतात की, एकच वर्ण श्रेष्ठ व बाकीचे हीन ही गोष्ट म्हणजे लोकांत उठविलेला नुसता घोष होय. संपत्ती, कर्मफल, राजदंड, प्रव्रज्या यांपैकी कोणतीही कसोटी लावली तरी चारही वर्ण समान ठरतात. अंगुत्तरनिकायात याच नगरीचे पाच दोष सांगितले आहेत. तेथील भूमी उंचसखल आहे, धूळ फार आहे, कुत्री क्रूर आहेत, यक्ष दुष्ट आहेत आणि भिक्षा मिळणे कठीण आहे. पुढे याच नगरीत भिक्षूंचे विहार दाटीने उभे राहिले आणि येथील लाल वालुकाश्मात घडविलेल्या मूर्ती श्रावस्ती, सारनाथ, कोसंबीपर्यंत पोहोचल्या. त्या विहारांपैकी आज मथुरेत एकही उभा नाही. मथुरेचे बौद्धत्व डोळ्यांनी पाहावयाचे तर डॅम्पियर नगरातील शासकीय संग्रहालयात जावे लागते. म्हणूनच हे संग्रहालय ज्यांनी उभारले आणि चालविले त्यांच्या कार्याचे परीक्षण आम्हांस अगत्याचे वाटते.

परीक्षणासाठी आम्ही एकच कसोटी वापरणार आहोत. संग्रहालयात आलेली प्रत्येक वस्तू कोणीतरी घडविलेली, कोणीतरी दान दिलेली आणि कोठेतरी सापडलेली असते. वस्तूचा या माणसांशी आणि या ठिकाणाशी असलेला संबंध संग्रहालयाच्या प्रमुखाने जपला की तोडला, हे पाहावयाचे. इमारत किती देखणी आहे आणि प्रेक्षक किती आले हे प्रश्न त्यानंतरचे होत.

संग्रहालय नव्हते तेव्हा काय घडत होते हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे. १८६० साली जमालपूरच्या टेकाडावर कलेक्टर कचेरीचा पाया खणताना एका मोठ्या विहाराचे अवशेष निघाले. हुविष्क राजाच्या नावाचा हा विहार होता. निघालेल्या शिल्पांतील कित्येक गावाबाहेर गेली व निरनिराळ्या शहरांत विखुरली. १८६९ साली मुंबईचे पंडित भगवानलाल इंद्रजी यांना शीतलादेवीच्या ओट्याच्या पायऱ्यांत बसविलेले एक सिंहशीर्ष आढळले. त्यावरील खरोष्ठी लेखात सर्वास्तिवादी व महासांघिक या निकायांचे उल्लेख आहेत. निकायांच्या इतिहासाचे हे अमोल साधन पंडितांच्या मृत्यूनंतर त्यांच्या इच्छापत्रान्वये लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला गेले. पंडितांची विद्वत्ता आणि निष्ठा वादातीत आहे. मात्र ज्या नगरीत ही वस्तू सापडली तेथे ती ठेवण्यासाठी त्या वेळी जागाच नव्हती, हीही वस्तुस्थिती आहे.

ती जागा १८७४ साली कलेक्टर एफ. एस. ग्राउझ यांनी निर्माण केली. ग्राउझ हे परकीय सत्तेचे अधिकारी होते, याचा विसर पडू नये. तथापि जिल्ह्यात सापडलेले जिल्ह्यातच राहावे, हे तत्त्व त्यांच्या कृतीने प्रस्थापित झाले, आणि प्रादेशिक संग्रहालयाचा पाया हाच असतो. जमालपूरच्या टेकाडातून निघालेली भिक्षू यशदिन्नाने दान दिलेली सुमारे सात फूट उंचीची उभी बुद्धमूर्ती आज मथुरेतच पाहावयास मिळते. ही मूर्ती इतरत्र गेली असती तर गुप्तकालीन कलेचा एक नमुना एवढीच तिची ओळख उरली असती. मथुरेत ती ज्या विहारात उभी होती त्याच्या भूमीजवळ आहे.

याच कालखंडातील लखनौ संग्रहालयाचे उदाहरण याच्या नेमके उलट आहे. तेथील क्युरेटर अलोइस अँटन फ्यूरर यांनी १८८८ ते १८९१ या काळात मथुरेचे कंकाली टेकाड खणून काढले. शेकडो जैन शिल्पे लखनौला गेली. परंतु कोणती वस्तू कोणत्या थरात, कोणत्या वस्तूशेजारी सापडली याची विश्वसनीय नोंदच राहिली नाही. १९०१ साली व्हिन्सेंट स्मिथ यांना त्या उत्खननाची चित्रे जवळजवळ निवेदनाविनाच प्रसिद्ध करावी लागली. हा निष्काळजीपणा होता असे म्हणून एक वेळ सोडून देता आले असते. परंतु याच गृहस्थांनी ब्रह्मदेशातील उ मा नावाच्या भिक्षूला बनावट बुद्धधातू पुरविले. बुद्धाचा म्हणून दिलेला एक दात घोड्याचा निघाला. शाक्यांच्या नगरीच्या शोधात त्यांनी खोटे लेखही 'शोधले'. १८९८ साली हे सारे उघडकीस आले आणि त्यांना पद सोडावे लागले.

या प्रकरणाकडे पाश्चात्त्य विद्वान बहुधा संशोधनक्षेत्रातील एक लबाडी म्हणून पाहतात. आमच्या मते त्याची खरी इजा अन्यत्र झाली. त्या भिक्षूने क्युरेटरवर विश्वास ठेवला होता, कारण क्युरेटर म्हणजे वस्तूचे सत्य जाणणारा मनुष्य अशी त्याची समजूत होती. श्रद्धावान माणसाला वस्तूची परीक्षा करता येत नाही. ती परीक्षा त्याच्या वतीने करण्यासाठीच क्युरेटरचे पद असते, आणि येथे त्याच पदाचा उपयोग फसवणुकीसाठी झाला. संग्रहालयप्रमुखाला विश्वस्त का म्हणावे याचे उत्तर या एका घटनेत आहे.

मथुरेला सुदैवाने वेगळी माणसे लाभली. डच विद्वान फोगेल यांनी १९१० साली तेथील संग्रहाची सूची प्रसिद्ध केली. प्रत्येक शिल्पाला क्रमांक, माप, वर्णन, सापडल्याचे ठिकाण आणि लेख असल्यास त्याचे वाचन, ही शिस्त त्यांनी लावून दिली. ही सूची कोरडी आहे, पण पुढची सारी चर्चा तिच्यावर उभी आहे. फोगेल यांच्यासमवेत आणखी एका व्यक्तीचे नाव घेतले पाहिजे, ते म्हणजे मथुरेचेच पंडित राधाकृष्ण. गावोगाव हिंडून त्यांनी शिल्पे मिळविली. १९११-१२ मध्ये माट येथे केलेल्या उत्खननात त्यांना कनिष्काची मस्तकविरहित मूर्ती सापडली. बाहेरून आलेला विद्वान लेख वाचू शकतो. पण कोणत्या विहिरीच्या काठावर कोणता दगड पडला आहे हे गावचा माणूसच सांगू शकतो. प्रादेशिक संग्रहालयाला या दोन्ही प्रकारच्या ज्ञानाची आवश्यकता असते, आणि यांपैकी दुसऱ्या ज्ञानाचे ऋण सहसा मान्य केले जात नाही.

येथे एक अडचणीचा प्रश्न उपस्थित होतो. पारखम गावचा प्रचंड यक्ष कनिंगहॅम यांनी नोंदविला, तेव्हा ग्रामस्थ त्याची देवता म्हणून पूजा करीत होते. पुढे तो संग्रहालयात आला. गावाने पूजिलेली वस्तू उचलणे योग्य की अयोग्य? मूर्तीचे रक्षण झाले आणि तिचा लेख अभ्यासकांना उपलब्ध झाला हे खरे आहे. पण त्याबरोबर गावाचा तिच्याशी असलेला संबंध तुटला हेही तितकेच खरे. अशा वस्तूच्या फलकावर काळ आणि दगडाची जात यांबरोबर तिला पूजणाऱ्या गावाचे नावही असले पाहिजे. त्याच फलकावर अंगुत्तरनिकायातील मधुरेच्या यक्षांचा उल्लेख यावा. म्हणजे भिक्षुसंघाला ज्या लोकदैवतांच्या भूमीत पाय रोवावे लागले, ती भूमी पाहणाऱ्याच्या ध्यानी येईल.

१९३१ साली वासुदेवशरण अग्रवाल मथुरेचे क्युरेटर झाले. त्यांच्या कारकिर्दीत संग्रह डॅम्पियर नगरातील नव्या इमारतीत मांडला गेला, सामान्य प्रेक्षकासाठी मार्गदर्शिका लिहिली गेली आणि पुढे फोगेलनंतर वाढलेल्या संग्रहाच्या नव्या सूचीचे कामही त्यांनी केले. बुद्धमूर्तीचा उगम ग्रीक प्रभावाखालील गांधारात झाला असे फूशे मांडत होते. त्याला कुमारस्वामी यांनी १९२७ साली उत्तर दिले. मथुरेच्या स्वतंत्र मूर्तिपरंपरेची बाजू अग्रवालांनी याच संग्रहाच्या आधारे बळकट केली. जनपदांच्या बोलीतील शब्द, गावकऱ्यांची अवजारे आणि प्राचीन शिल्पे यांचा एकत्र विचार करण्याची त्यांची दृष्टी अनुकरणीय आहे.

मात्र त्यांची एक मर्यादा स्पष्टपणे सांगितली पाहिजे. चक्र, कमळ, पूर्णघट यांसारख्या प्रतीकांचा अर्थ लावताना त्यांचा कल वैदिक मुळाकडे जाण्याचा असे. काही प्रतीके बुद्धपूर्व आहेत, यात शंका नाही. परंतु प्रतीक जुने आहे म्हणून त्याचा बौद्ध अर्थ गौण ठरत नाही. धम्मचक्रापुढे हात जोडणाऱ्या उपासकाला चक्रात काय दिसत होते, हा प्रश्न त्याच शिल्पाखालच्या लेखाला आणि सुत्तपिटकाला विचारावा लागतो. अग्रवालांसारखा थोर क्युरेटरही हा प्रश्न नेहमीच विचारतो असे नाही. त्यांच्या मांडणीच्या आधारे पुढे बोलणाऱ्यांनी तर तो बहुधा टाळलाच आहे.

स्वातंत्र्योत्तर काळातील दोन नावे उल्लेखनीय आहेत. नी. पु. जोशी यांनी १९६६ साली मथुरेच्या शिल्पांची हस्तपुस्तिका लिहिली. त्यांचा 'भारतीय मूर्तिशास्त्र' हा ग्रंथ मराठीत आहे, त्यामुळे मथुरेच्या शिल्पांशी झालेल्या परिचयाचे फळ मराठी वाचकाला थेट मिळाले. दुसरे रमेशचंद्र शर्मा. १९७६-७७ मध्ये गोविंदनगर येथे नवी वसाहत होत असताना बौद्ध शिल्पांचा मोठा साठा निघाला. त्या वेळी शर्मा संग्रहालयाचे प्रमुख होते. शिल्पे संग्रहालयात आली आणि १९८४ साली मथुरेच्या बौद्ध कलेवरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्या साठ्यात हुविष्काच्या काळातील, संवत् २६ चे एक पादपीठ आहे. त्यावर केवळ मूर्तीचे पाय उरले आहेत; पण अमिताभ बुद्धाचा भारतातील सर्वांत प्राचीन शिलालेखीय उल्लेख म्हणून जगभरचे अभ्यासक त्याकडे पाहतात. जमालपूरला १८६० साली पाया खणताना जे झाले आणि गोविंदनगरला जे झाले, त्यांतील अंतर म्हणजेच प्रादेशिक संग्रहालयाचे मोल होय.

गोविंदनगरच्याच एका बुद्धमूर्तीवर गुप्त संवत् ११५, म्हणजे इ. स. ४३४-३५, असा काळ असून ती घडविणाऱ्या दिन्न या शिल्पकाराचे नाव आहे. कुशीनगरला महापरिनिब्बानाच्या ज्या भव्य मूर्तीपुढे आपले उपासक नतमस्तक होतात, तिच्या लेखातही मथुरेच्या दिन्नाचे नाव आहे. हातोडी-छिन्नी चालविणाऱ्या माणसाचे नाव प्राचीन भारतात क्वचितच टिकले. ते येथे टिकले असेल तर फलकावर पहिल्या ओळीत यावे.

लेखांतील माणसे किती बोलकी आहेत याचे आणखी एक उदाहरण देतो. कटरा टेकाडावर सापडलेली सिंहासनस्थ मूर्ती बुद्धरक्षिताची आई अमोहाआसी हिने आईवडिलांसह, आपल्या स्वतःच्या विहारात, सर्व प्राण्यांच्या हितसुखासाठी स्थापिली. लेख या मूर्तीला बोधिसत्त्व म्हणतो. कलेच्या ग्रंथांत तिच्या हास्याचे आणि वस्त्राच्या चुण्यांचे वर्णन विपुल आढळते. पण स्वतःचा विहार असलेल्या या स्त्रीविषयी अशी आस्था क्वचितच दिसते.

याहून महत्त्वाची गोष्ट एका गुरुपरंपरेची आहे. त्रिपिटकधर भिक्षू बल यांनी मथुरेच्या दगडातील बोधिसत्त्व श्रावस्तीस आणि कनिष्काच्या तिसऱ्या वर्षी सारनाथला स्थापिले. त्यांची शिष्या, स्वतः त्रिपिटक जाणणारी भिक्षुणी बुद्धमित्रा हिने कोसंबीस असाच बोधिसत्त्व उभारला. तिच्या बहिणीची मुलगी भिक्षुणी धनवती हिने हुविष्काच्या काळात, संवत् ३३ मध्ये, मथुरेत मूर्ती स्थापन केली. आज श्रावस्तीची मूर्ती कोलकात्यात, बलांची मूर्ती सारनाथला, बुद्धमित्रेची अलाहाबाद संग्रहालयात आणि धनवतीचा लेख लखनौला आहे. गुरू, शिष्या आणि शिष्येची भाची चार संग्रहालयांत विभागली गेली आहेत. मूर्ती पुन्हा एकत्र आणा अशी मागणी आम्ही करीत नाही. परंतु प्रत्येक ठिकाणी उरलेल्या तिघांचा निर्देश करणारा फलक लावण्यास खर्च कितीसा येणार? स्त्रियांना त्रिपिटकाचे अध्ययन होते, याचा दगडात कोरलेला हा पुरावा शाळेतल्या मुलीने वाचला पाहिजे.

संग्रहालयांकडून एवढी अपेक्षा करणाऱ्या आपल्या समाजालाही तीच कसोटी लावणे न्याय्य ठरेल. शेतात, तलावात सापडलेली प्राचीन मूर्ती विहारात आणून तिला रंग देणे, तिचा मोडका भाग सिमेंटने भरणे, हे प्रकार श्रद्धेपोटी होत असले तरी त्यांनी लेख बुजतात आणि वस्तूची साक्ष नष्ट होते. १८७८ च्या निखातनिधी कायद्यानुसार भूमीत सापडलेल्या निधीची खबर जिल्हाधिकाऱ्यास द्यावी लागते, आणि १९७२ च्या पुरावशेषविषयक कायद्यान्वये अशा वस्तूंची नोंदणी होते. हे कायदे आपल्या विहारांच्या कार्यकर्त्यांना ठाऊक असावेत. ज्या विहारांत जुनी छायाचित्रे, हस्तलिखिते, चळवळीतील वस्तू जतन केल्या जातात, तेथे निदान एक नोंदवही असावी. वस्तू कोणाकडून आली, कधी आली, कोठे सापडली, देणाऱ्याने काय सांगितले, हे तारखेनिशी लिहून ठेवावे. फोगेल यांनी १९१० साली केले ते याहून फार वेगळे नव्हते.

मथुरेच्या संग्रहालयाने दीडशे वर्षांत आपल्या भूमीतील वस्तू भूमीतच राखल्या, यासाठी त्याच्या प्रमुखांचे ऋण मान्य केले पाहिजे. पुढचे काम त्या वस्तूंच्या दात्यांची व शिल्पकारांची नावे सामान्य प्रेक्षकाच्या भाषेत, सहज वाचता येतील अशा अक्षरांत लावण्याचे आहे. महाकच्चान स्थविरांनी वर्णश्रेष्ठत्वाचा घोष याच नगरीत खोडून काढला, ही गोष्ट सांगणारा फलक प्रवेशद्वाराशी लागावा. आपल्या धम्मसहली तेथे जातात तेव्हा उपासकांनी मूर्तींना वंदन करून परत न फिरता पादपीठावरील लेख काय सांगतो हे विचारावे, आणि उत्तर मिळाले नाही तर अभिप्रायाच्या वहीत तसे लिहून यावे.