उत्तरभागाची आस आणि धास्ती : अभिजात रोल-प्लेइंग व्हिडिओ गेम आणि त्यांचा चाहतावर्ग

प्रास्ताविक

कादंबरीच्या वा चित्रपटाच्या उत्तरभागाची वाट पाहणारा रसिक 'पुढे काय झाले' हे जाणण्यास उत्सुक असतो. रोल-प्लेइंग प्रकारातील व्हिडिओ गेमचा चाहता त्याच्या जोडीला आणखी एक प्रश्न मनात बाळगून असतो : 'मी जे केले, त्याचे पुढे काय झाले?' या प्रकारात खेळाडू स्वतःचे पात्र घडवतो. त्याचे नाव, गुण आणि उणिवा तो ठरवतो; कोणाला वाचवायचे, कोणाशी हातमिळवणी करायची, हेही तोच ठरवतो. साहजिकच एकाच खेळाच्या असंख्य कथा होतात आणि प्रत्येक कथेचा एक सहकर्ता खेळाडू असतो.

जर्मन समीक्षक हान्स रॉबर्ट याउस यांनी 'अपेक्षांचे क्षितिज' ही संकल्पना मांडली. वाचक नव्या कृतीकडे आधीच्या कृतींनी घडवलेल्या अपेक्षा घेऊन येतो, असे तिचे थोडक्यात स्वरूप सांगता येईल. रोल-प्लेइंग गेमच्या बाबतीत हे क्षितिज मूळ कृतीइतकेच खेळाडूच्या स्वतःच्या निर्णयांनीही घडलेले असते. म्हणूनच उत्तरभागाच्या केवळ घोषणेनेही चाहत्यांमध्ये आनंद आणि अस्वस्थता एकाच वेळी उमटते. प्रस्तुत लेखात 'फॉलआउट' आणि 'बाल्डर्स गेट' या दोन मालिकांच्या आधारे या आस-धास्तीचे स्वरूप तपासले आहे.

बाह्यरूपाविषयीची धास्ती

'फॉलआउट' हा खेळ इंटरप्ले या अमेरिकन कंपनीने 1997 मध्ये प्रसिद्ध केला. अणुयुद्धानंतरच्या कॅलिफोर्नियात भूमिगत आश्रयस्थानाबाहेर पडलेला नायक पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेचा एक सुटा भाग शोधत फिरतो. त्यासाठी त्याच्याकडे 150 दिवस असतात. हे जग उंचावरून, तिरकस कोनातून, एखाद्या पटासारखे दिसत असे आणि लढाई बुद्धिबळासारखी पाळीपाळीने चाले. 1998 मध्ये दुसरा भाग आला. तिसऱ्या भागाचे काम 'व्हॅन ब्यूरेन' या सांकेतिक नावाने सुरू होते. पण आर्थिक अडचणीतील इंटरप्लेने 2003 च्या अखेरीस ते बंद केले. 2004 मध्ये बेथेस्डा या कंपनीने नवा भाग तयार करण्याचे हक्क मिळवले आणि 2007 मध्ये संपूर्ण मालिकाच विकत घेतली.

बेथेस्डाची ख्याती 'ऑब्लिव्हियन' (2006) सारख्या, नायकाच्या डोळ्यांतून दिसणाऱ्या विस्तीर्ण जगाच्या खेळांसाठी होती. त्यामुळे नवा भाग म्हणजे 'बंदुका घेतलेले ऑब्लिव्हियन' ठरेल, असा उपहास जुन्या चाहत्यांनी केला. 2008 मध्ये आलेल्या 'फॉलआउट 3' मध्ये पट गेला आणि पाळीही गेली. वेळ थांबवून शत्रूच्या शरीराच्या विशिष्ट भागावर नेम धरण्याची सोय तेवढी जुन्या पद्धतीची खूण म्हणून उरली.

'बाल्डर्स गेट' च्या बाबतीत नेमके उलटे घडले. बायोवेअरने तयार केलेल्या पहिल्या दोन भागांत (1998 आणि 2000) लढाई अखंड चाले आणि खेळाडू हवी तेव्हा ती थांबवून आज्ञा देई. बेल्जियमच्या लेरियन कंपनीने 2019 मध्ये तिसऱ्या भागाची घोषणा केली आणि त्यातील लढाई पाळीपाळीने होणार हे स्पष्ट झाले, तेव्हा अनेक जुन्या चाहत्यांनी नाराजी व्यक्त केली. हा लेरियनच्याच 'डिव्हिनिटी' मालिकेचा नाव बदललेला पुढचा भाग ठरेल, ही त्यांची भीती होती.

ही दोन उदाहरणे शेजारी ठेवल्यास एक गोष्ट लक्षात येते. एका चाहतावर्गाला पाळी गेल्याचे दुःख झाले, तर दुसऱ्याला पाळी आल्याचे. म्हणजे पाळीची लढाई हा या प्रकाराचा आत्मा आहे किंवा नाही, असा सर्वसाधारण निर्णय येथे देता येत नाही. ज्या रूपात कृती प्रथम भेटली, ते रूप आणि तिचा आशय चाहत्याच्या स्मृतीत एकजीव झालेले असतात. ही स्मृती निवडकही असते. 'फॉलआउट 2' प्रसिद्ध झाला तेव्हा त्यात तांत्रिक दोष पुष्कळ होते आणि त्यातील थट्टेखोर संदर्भांमुळे मूळ खेळाचे गांभीर्य हरवले, अशी तक्रार झाली होती. आज अभिजात मानला जाणारा हा खेळ स्वतःच एक वादग्रस्त उत्तरभाग होता, याचा सहज विसर पडतो.

'अधिकृत' शेवटाचा प्रश्न

बाह्यरूपाच्या वादाखाली याहून खोल अशी एक अडचण दडलेली आहे. मूळ खेळाला अनेक शेवट असतात. उत्तरभागाला मात्र कोठून तरी एकाच ठिकाणाहून सुरुवात करावी लागते.

'फॉलआउट' मध्ये शेडी सँड्स या छोट्या वस्तीच्या प्रमुखाची मुलगी टँडी हिला एक टोळी पळवून नेते. खेळाडू तिची सुटका करू शकतो किंवा तिच्याकडे पाठ फिरवू शकतो. दुसऱ्या भागात त्याच वस्तीतून वाढलेल्या प्रजासत्ताकाची वृद्ध राष्ट्राध्यक्ष म्हणून टँडी भेटते. ज्याने तिला सोडवले, त्याला आपल्या लहानशा कृतीचे इतिहासात रूपांतर झालेले दिसते. ज्याने तिला वाऱ्यावर सोडले, त्याची कथा मात्र कधी घडलीच नव्हती, असे ठरते. एकच प्रसंग एका खेळाडूची आस पुरी करतो आणि दुसऱ्याची धास्ती खरी ठरवतो.

'बाल्डर्स गेट' च्या पहिल्या दोन भागांचा नायक खुनाचा देव भाल याचे अपत्य आहे. त्याने वा तिने पित्याचे देवत्व स्वीकारायचे की मर्त्य राहायचे, हा अखेरचा निर्णय खेळाडूचा असतो. मात्र या जगाच्या अधिकृत इतिहासात हा नायक 'अब्डेल एड्रियन' नावाचा एक पुरुष योद्धा ठरवण्यात आला. तिसऱ्या भागाने शंभरहून अधिक वर्षांचे अंतर आणि नवा नायक घेऊन हा पेच टाळला. तरीही जुनी पात्रे परतताच तो पुन्हा उभा राहिला. जाहिरा आणि मिन्स्क यांच्या पुनर्भेटीने चाहते सुखावले. व्हिकोनिया मात्र क्रूर पंथप्रमुख म्हणून समोर आली. दुसऱ्या भागात तिच्याशी जिव्हाळ्याचे नाते जोडून तिला अंधारातून बाहेर काढलेल्या खेळाडूंना हे जिव्हारी लागले. त्यांच्या दृष्टीने ही तपशिलाची चूक नव्हती. शेकडो तासांच्या सहवासातून घडवलेले एक परिवर्तन येथे पुसले गेले होते.

बायोवेअरच्या 'मास इफेक्ट' मालिकेने यावर वेगळा उपाय योजला. खेळाडूच्या आधीच्या निर्णयांची नोंद पुढच्या भागात नेता येत असे. मात्र त्यामुळे अपेक्षाही वाढल्या. 2012 मध्ये तिसऱ्या भागाचा शेवट मोजक्या, परस्परांशी मिळत्याजुळत्या पर्यायांत आटोपला, तेव्हा निषेधाची मोठी लाट उसळली आणि त्याच वर्षी कंपनीला विस्तारित शेवट द्यावा लागला. निर्णयांची नोंद ठेवणे आणि निर्णयांना अर्थ देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यावरून दिसते.

निर्णय आणि परिणाम

उत्तरभागाची निष्ठा कशात शोधावी, या प्रश्नाचे उत्तर 'फॉलआउट' मालिकेतच सापडते. 'फॉलआउट 3' च्या अखेरीस प्राणघातक किरणोत्साराने भरलेल्या दालनात कोणीतरी जाणे आवश्यक असते. नायकासोबत किरणोत्साराची बाधा न होणारा फॉक्स हा साथीदार असू शकतो. तरीही 'हे तुझे विधिलिखित आहे' अशा अर्थाचे बोलून तो नकार देतो. येथे लेखकाला हवा असलेला त्याग खेळाडूवर लादला जातो. 2009 च्या 'ब्रोकन स्टील' या पुरवणीत हा शेवट दुरुस्त करण्यात आला. याउलट याच खेळात एका वस्तीच्या मध्यभागी असलेला जिवंत अणुबाँब निकामी करावा की उडवावा, हा निर्णय खराखुरा आहे. वस्ती राहते किंवा कायमची नाहीशी होते. खेळ जेथे गाजला आणि जेथे फसला, त्या दोन्ही जागा निर्णयाच्याच आहेत. त्यांचा दृष्टिकोन उंचावरचा की डोळ्यांतला, याच्याशी संबंध नाही.

'फॉलआउट : न्यू वेगास' (2010) हा त्याचा सबळ पुरावा होय. मूळ मालिकेच्या काही निर्मात्यांचा सहभाग असलेल्या ऑब्सिडियन कंपनीने तो 'फॉलआउट 3' च्याच तांत्रिक चौकटीत, सुमारे दीड वर्षात बनवला. दृश्य तेच, बंदुका त्याच आणि आरंभी तांत्रिक दोषही विपुल. तरीही अनेक जुन्या चाहत्यांनी त्याला खरा वारस मानले. हूव्हर धरणावरील संघर्षात प्रजासत्ताक, सीझरचे सैन्य, मिस्टर हाउस किंवा स्वतंत्र वेगास यांपैकी कोणाची बाजू घ्यायची, हे खेळाडूवर सोपवलेले आहे. शेवटी प्रत्येक वस्तीचे काय झाले, ते पहिल्या भागाप्रमाणे एकेक चित्र दाखवून सांगितले जाते. टँडीच्या प्रजासत्ताकाकडेही तो चिकित्सक नजरेने पाहतो : त्याने सुव्यवस्था आणली, पण करांचा बोजा आणि विस्ताराची हावही आणली.

मालकी आणि चाहते

या सर्व आस-धास्तीमागे एक विषमता आहे. जगण्याचा अनुभव खेळाडूचा असतो, पण जग कंपनीच्या मालकीचे असते. या विषमतेचा प्रत्यय भारतीय खेळाडूंनाही आला. ऑक्टोबर 2008 मध्ये मायक्रोसॉफ्टने सांस्कृतिक संवेदनशीलतेचे कारण देऊन 'फॉलआउट 3' भारतात न आणण्याचे जाहीर केले. नेमका आक्षेप कशाला, हे सांगण्यात आले नाही. खेळातील दोन डोकी असलेल्या गुरांना 'ब्राह्मिन' म्हटले आहे, याकडे त्या वेळी बोट दाखवले गेले. हे नाव 1997 च्या मूळ खेळातही होते.

चाहत्यांनीच पैसा उभा केला म्हणून ही विषमता संपते, असेही नाही. 'प्लेनस्केप : टॉर्मेंट' (1999) च्या परंपरेतील नव्या खेळासाठी 2013 मध्ये लोकवर्गणीतून 40 लाखांहून अधिक डॉलर जमले. 2017 मध्ये 'टाइड्स ऑफ न्यूमेनेरा' प्रसिद्ध होण्याच्या सुमारास मात्र वर्गणीच्या वेळी कबूल केलेल्या काही गोष्टी वगळल्याचे समजले आणि वर्गणीदार नाराज झाले. 'बाल्डर्स गेट 3' ने अधिक फलदायी वाट दाखवली. ऑक्टोबर 2020 मध्ये अपूर्ण खेळ विक्रीस ठेवून ऑगस्ट 2023 पर्यंत जवळजवळ तीन वर्षे खेळाडूंचे अभिप्राय घेण्यात आले. पाळीच्या लढाईबद्दल साशंक असलेल्या अनेकांनी अखेर त्याचे स्वागत केले आणि 'द गेम अवॉर्ड्स' मध्ये तो 2023 चा सर्वोत्कृष्ट खेळ ठरला. पुढे मार्च 2024 मध्ये लेरियनने आपण चौथा भाग करणार नसल्याचे जाहीर केले आणि जुने चक्र नव्या पिढीसाठी पुन्हा सुरू झाले.

निष्कर्ष

1) उत्तरभागाविषयीची चाहत्यांची धास्ती केवळ स्मरणरंजनातून येत नाही. स्वतः घेतलेले निर्णय निरर्थक ठरण्याची भीती तिच्या मुळाशी आहे.

2) दृश्यकोन, लढाईची पद्धत यांसारख्या बाह्यरूपावरील वाद तीव्र असले, तरी उत्तरभागाच्या यशापयशाचा उलगडा त्यांतून होत नाही.

3) अनेक शेवटांतून एक निवडणे उत्तरभागाला अपरिहार्य आहे. त्यामुळे ही निवड आधीच्या खेळाडूच्या कृतीचा मान राखते काय, हा समीक्षेचा प्रश्न ठरतो.

4) निर्णयाला परिणाम आणि परिणामाला वजन देणारा उत्तरभाग रूपाने कितीही बदलला, तरी वारसदार ठरतो. रूप जपूनही जो निर्णय हिरावून घेतो, तो केवळ नावाचा वारसदार असतो.

या प्रकाराच्या समीक्षेने चाहत्यांच्या तक्रारींकडे हट्ट म्हणून पाहण्याऐवजी सहकर्त्याची साक्ष म्हणून पाहणे अधिक न्याय्य ठरेल. ती साक्ष पुष्कळदा एकांगी असते. परंतु मूळ कृतीत नेमके काय जिवंत होते, याची माहिती मालकीच्या कागदपत्रांत मिळत नाही, ती याच साक्षीत मिळते.