फ्यूजऐवजी जाड तार?

नागपूरच्या उन्हाळ्यात दोन-तीन कूलर एकदम लावले की फ्यूज उडतो. मग कोणीतरी तिथे जाड तार बसवतो. कूलर फिरू लागतो, पण धोका तसाच राहतो, हे आपण विद्यार्थ्यांना शिकवतो. संगणकाच्या प्रयोगशाळेत मात्र आपणच अशी तार बसवतो.

लिनक्सच्या फेडोरासारख्या प्रकारांत एसई-लिनक्स ही सुरक्षाव्यवस्था आधीपासूनच चालू असते. काही अडले की 'ती बंद करा' असा सल्ला हमखास मिळतो. हा सल्ला कितपत शास्त्रीय आहे?

अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने ही व्यवस्था २००० साली सर्वांसाठी खुली केली. २००३ मध्ये ती लिनक्सच्या गाभ्यात आली. एरवी फाइल कोणी वाचायची हे तिचा मालक ठरवतो. इथे प्रत्येक फाइलला आणि चालू प्रोग्रामला एक लेबल असते. कोणत्या लेबलाने कशाला हात लावायचा, याचे नियम आधीच ठरलेले असतात. त्यामुळे वेब सर्व्हर घुसखोराच्या हाती गेला, तरी गुणपत्रिकांची फाइल त्याला सहजासहजी उघडता येत नाही.

आमच्या शहरातल्या एका महाविद्यालयात सर्व्हरवरचे पान दिसेना. परवानग्या ठीक होत्या. सुरक्षा कायमची बंद केली, पान दिसले, सर्वांचे समाधान झाले. कारण साधे होते. फाइल घरच्या फोल्डरमधून 'एमव्ही' आज्ञेने हलवली होती, म्हणून जुने लेबल तिच्यासोबत आले. 'रिस्टोअरकॉन' या एका आज्ञेने ते दुरुस्त झाले असते.

'सेटएनफोर्स ०' ही आज्ञा वाईट नाही. तिने व्यवस्था अडवणे थांबवते, पण नोंदी ठेवत राहते. निदानासाठी हा उत्तम प्रयोग आहे. निदानालाच उपचार समजणे ही चूक. पूर्ण बंद केल्यावर नव्या फाइलींना लेबलेच लागत नाहीत. पुढे व्यवस्था चालू करायची तर सगळ्या डिस्कवर लेबले पुन्हा लावावी लागतात.

दोष निर्मात्यांकडेही जातो. पडद्यावर नुसती 'मनाई' दिसते आणि कारण क्लिष्ट नोंदवहीत दडलेले असते. माणूस कंटाळणारच. जाळ्याला न जोडलेल्या सरावाच्या यंत्रावर ती बंद ठेवली, तर फारसे बिघडतही नाही.

तरीही वर्गात एवढे करून पाहा. घरच्या फोल्डरमधली एक फाइल 'एमव्ही'ने सर्व्हरच्या फोल्डरमध्ये हलवा, दुसरीची 'सीपी'ने तिथेच नक्कल करा. मग 'एलएस -झेड' देऊन दोघींची लेबले ताडून पाहा. फ्यूज का उडाला, ते विद्यार्थीच सांगतील.