खुंट जाड, काडी बारीक : आंबा कलमाच्या एका नियमाची चिकित्सा (विशेष संदर्भ : काठी परिसर)

फळझाडांच्या कलमांविषयीच्या मराठी कृषिलेखनात एक नियम हटकून आढळतो : खुंट आणि कलमकाडी समान जाडीची असावी. पुस्तिका कोणतीही असो, काडी 'पेन्सिलीच्या जाडीची' असते आणि खुंटही तेवढाच असतो. हा नियम चुकीचा नाही. परंतु तो कोठून आला आणि कोठपर्यंत लागू आहे, याचे विवेचन सहसा होत नाही. नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा तालुक्यातील काठी परिसराच्या संदर्भात या मौनाची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

हा नियम मुळात रोपवाटिकेचा आहे. पिशवीतील कोवळे रोप आणि त्याच जाडीची काडी घेतली की पाचर दोन्ही बाजूंनी नेमकी बसते, पट्टी घट्ट आवळता येते आणि एकाच मापाची शेकडो कलमे थोड्या वेळात बांधून होतात. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने कोय कलमाचा प्रसार केला, त्या पद्धतीत तर खुंट काही दिवसांचाच असतो. मात्र जोड जुळतो तो जाडी सारखी असल्यामुळे नव्हे. साल आणि लाकूड यांच्यामध्ये वाढीचा एक अतिशय पातळ थर असतो. वनस्पतिशास्त्राच्या मराठीत त्याला ऊतककर म्हणतात. दोन्ही भागांतील हा थर एकमेकांना भिडला पाहिजे, एवढीच खरी अट आहे. जाडी सारखी असल्यास ती अट आपोआप पुरी होते. म्हणजे पुस्तिकांनी सोय सांगितली आणि कारण गाळले.

कारण गाळल्याचा परिणाम प्रत्यक्ष कामात दिसतो. खुंट जाड व काडी बारीक असल्यास नवशिका माणूस काडी खाचेच्या मधोमध बसवतो. दिसायला ती रेखीव दिसते, पण कोणत्याच बाजूचा थर भिडत नाही आणि काडी वाळते. ती एका कडेला सरकवली तर एका बाजूचा जोडही पुरेसा होतो. त्यातही सूक्ष्म भेद आहे. जाड खुंटाची साल जाड, काडीची पातळ. म्हणून दोन्ही साली बाहेरून समपातळीत आणल्या तर आतील थर चुकतात. काडी किंचित आत घ्यावी लागते. हे एक वाक्य पुस्तिकेत असते, तर कित्येक काड्या वाचल्या असत्या.

काठीच्या डोंगरउतारांवर हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. राजवाडी होळीमुळे हे गाव महाराष्ट्राला परिचित आहे. त्याच्या आसपासच्या सातपुड्यातील रायवळ आंब्यांची ओळख त्या मानाने कमी. पावसाळ्यापूर्वी कैऱ्या सोलून, चकत्या वाळवून आमचूर विकणे हा येथील अनेक कुटुंबांचा रोख उत्पन्नाचा आधार आहे. ही झाडे जुनी व जाड बुंध्याची. समान जाडीच्या नियमाने पाहिले तर ती कलमाला निरुपयोगी ठरतात आणि उरतो एकच मार्ग : नवी कलमे लावणे. रोजगार हमीशी निगडित फळबाग योजनेने 1990 पासून महाराष्ट्रात फळबागांचे क्षेत्र मोठ्या प्रमाणावर वाढले, हे मान्यच करावे लागेल. पण उतारावरील कोवळ्या कलमाला पहिले काही उन्हाळे पाणी लागते आणि शेळ्यांपासून राखण लागते. जुन्या झाडाची मुळे मात्र खोल गेलेली असतात.

जाड खुंटासाठी दोन मार्ग आहेत. पहिला साल कलमाचा : फांदी आडवी कापून, साल सहज सुटण्याच्या दिवसांत तिला उभी चीर द्यायची आणि तिरकस तासलेली काडी सालीखाली सरकवायची. एका कापावर भोवताली तीन-चार काड्या लावल्यास जखम लवकर भरते. मात्र असा जोड पहिली काही वर्षे वाऱ्याला कच्चा असतो, त्याला आधाराची काठी बांधावी लागते. दुसऱ्या मार्गात फांद्या छाटून नवे धुमारे येऊ द्यायचे व त्यांवर पाचर कलम करायचे. येथे समान जाडीचा नियम पुन्हा लागू पडतो, फक्त एक हंगाम उशिरा. दोन्ही मार्गांत संपूर्ण झाड एकाच वेळी छाटणे धोक्याचे आहे. उघड्या कापातून खोडकिडा व कूज शिरते आणि आमचुराचे उत्पन्न काही वर्षे बुडते. हे नुकसान तांत्रिक लेखनाच्या हिशेबात क्वचितच येते. एक-दोन फांद्या दरवर्षी, हाच क्रम अधिक शहाणपणाचा वाटतो.

काडी कोणत्या झाडाची, हा प्रश्न जाडीहून मोठा आहे. पुस्तिका येथे केशर वा हापूस गृहीत धरतात. परंतु आमचुराला आंबट कैरी हवी आणि ती रायवळातच मिळते. सगळ्या जुन्या बुंध्यांवर केशर चढवला तर पिकलेल्या फळासाठी पेट्या, वाहतूक आणि दूरची बाजारपेठ लागेल; वाळवलेली चकती घरात ठेवता येते. तेव्हा आंबट, भरपूर गराच्या निवडक रायवळाचीच काडी शेजारच्या कमी प्रतीच्या रायवळावर बांधणे हा येथील परिस्थितीला धरून असलेला पर्याय आहे. कोणत्या झाडाच्या कैरीत गर जास्त आणि कोणाची चकती वाळल्यावर पांढरी राहते, हे कैऱ्या सोलणाऱ्या बायकांना विचारून ती झाडे हंगामातच खुणा करून ठेवावी लागतील.