मातीतून निघालेला पक्षी: पिकासोची घुबडं, कबुतरं आणि ती जमवणारे आपण



सभागृहात येताना एकांनी आम्हाला थांबवून विचारलं, "पिकासोवर बोलणार म्हणता, मग मोठी चित्रं सोडून सुरया आणि ताटल्यांवर कशाला बोलता?" प्रश्न रास्त आहे. पिकासोची चित्रं तुमच्याआमच्यासारख्यांच्या घरात कधी येणार नाहीत. त्याची मातीची घुबडं आणि कागदावरची कबुतरं मात्र अशा घरांत जावीत म्हणूनच अनेक प्रतींत काढली होती. ती तिथे गेली का, आणि गेली असतील तर टिकली का, हा आजचा विषय आहे. त्याच्या पोटात दुसरा एक प्रश्न आहे: यातला चांगला पक्षी कोणता आणि भरतीचा कोणता? संग्राहकांच्या याद्यांत किंमत असते, प्रतींची संख्या असते, शिक्का असतो. हा निवाडा मात्र फारसा कुणी करत नाही. आम्ही तो करून बघणार आहोत.

आधी थोडा इतिहास. दक्षिण फ्रान्समध्ये व्हालोरीस नावाचं कुंभारांचं गाव आहे. १९४६च्या उन्हाळ्यात पिकासो तिथलं कुंभारकामाचं प्रदर्शन बघायला गेला. सुझान आणि जॉर्ज रामिए या दांपत्याचा 'मादुरा' हा कारखाना तिथे होता. त्यांच्याकडे बसून त्यानं मातीच्या दोनचार वस्तू केल्या, पुढच्या वर्षी परत गेला आणि मग वर्षानुवर्षं जात राहिला. त्याच्या हातच्या मूळ वस्तू काही हजार आहेत. त्यांपैकी निवडक वस्तूंच्या आवृत्त्या १९४७ ते १९७१ या काळात मादुरात निघाल्या. असे एकूण ६३३ नमुने आहेत. कुणाच्या २५ प्रती, कुणाच्या ५००. त्यांची सूची रामिए कुटुंबातल्याच आलँ रामिए यांनी केली. आज जगात कुठेही अशी वस्तू विकली जाते तेव्हा तिच्यापुढे 'ए. आर.' ही अक्षरं आणि एक आकडा असतो, तो या सूचीतला.

आवृत्ती काढायच्या पद्धती दोन. पहिलीत मूळ वस्तू समोर ठेवून मादुराचे कारागीर तसाच आकार करत आणि तसंच रंगवत. दुसरीत पिकासो स्वतः प्लास्टरच्या साच्यात कोरून ठेवी आणि त्या साच्यावर ओल्या मातीची पोळी दाबून ठसा घेतला जाई. दोन्हींच्या बुडाशी वेगवेगळे शिक्के असतात. म्हणजे पहिल्या पद्धतीच्या घुबडाला पिकासोचा हात लागलेला नसतो. ही फसवणूक नव्हे, शिक्का ते उघड सांगतो. पण घेणाऱ्यानं तो वाचायला हवा.

आता पक्षी कुठून आले ते बघू. पिकासोचे वडील होसे रुईस ब्लास्को हे मालागाचे चित्रकार आणि कबुतरं हा त्यांचा आवडता विषय. मुलगा कबुतरांच्या घुमण्यातच वाढला म्हणा ना. पुढे म्हातारपणी, १९५७ साली, वेलास्केसच्या एका चित्रावर मालिका करताना त्यानं मधेच ती बाजूला ठेवली आणि खिडकीतल्या कबुतरांची नऊ चित्रं काढली. ती आज बार्सिलोनात आहेत. स्पॅनिशमध्ये 'पालोमा' म्हणजे कबूतर. १९ एप्रिल १९४९ला त्याला मुलगी झाली, तिचं नाव त्यानं पालोमा ठेवलं. घुबडाची गोष्ट वेगळी. १९४६मध्ये तो आँतीबच्या जुन्या किल्ल्यात काम करत होता. तिथे पायाला इजा झालेलं एक लहान घुबड सापडलं आणि ते त्यानं पाळलं. त्यानंतर चित्रांत, मातीत, धातूत, सगळीकडे घुबडं दिसायला लागतात.

इथे मराठी माणूस जरा अडखळतो. घुबड आणि घरात? आमच्या एका स्नेह्यांच्या आईंनी असं मातीचं घुबड दिवाणखान्यातून उचलून माळ्यावर ठेवलं होतं. पण आपल्याकडे पिंगळाही आहेच की. पहाटे कंदील घेऊन दारात येणारा, पुढचं सांगणारा पिंगळा जोशी ज्याच्या नावानं ओळखला जातो तो पक्षी घुबडाच्याच कुळातला आहे. ग्रीकांच्या अथेना देवीचं छोटं घुबड आणि आपला पिंगळा यांची शास्त्रीय प्रजातीही एकच. आँतीब हे गाव मुळात ग्रीकांनी वसवलेलं. तेव्हा अंधारात बघणारा, न बोलता जाणणारा पक्षी हा अर्थ त्यांच्याकडे आहे आणि आपल्याकडेही आहे. फक्त आपण तो माळ्यावर टाकला.

आता निवाड्याकडे येऊ. पडद्यावर डावीकडे मातीचं कबूतर आहे, उजवीकडे पक्षी काढलेली ताटली. डावीकडचं नीट बघा. मादुरात चाकावर बसणारे कुशल कारागीर होते, झ्यूल आगार हे त्यांतलं महत्त्वाचं नाव. त्यांनी लांब मानेची बाटली चाकावरून काढून द्यायची आणि ती ओली असतानाच पिकासोनं हातात घ्यायची. पोट जरा दाबलं की छाती झाली, मान मुरगळली की पक्ष्याची मान झाली, टोक चिमटलं की चोच. वरून चार रेघा पिसांच्या. जास्तीची माती नाही, कोरीवकाम नाही. बाटलीच बसलेलं कबूतर होते, आणि बारकाईनं पाहिलं तर ती अजून बाटलीही असते. भांडं आणि पक्षी दोघंही एकाच वेळी दिसत राहतात, त्यातच सगळी गंमत आहे. घुबडाच्या सुरयांचंही तेच. सुरईचं फुगीर पोट हेच घुबडाचं पोट, आखूड गळा हेच डोकं, त्यावर दोन वाटोळे डोळे. घुबडाला मान जवळजवळ दिसतच नाही, त्यामुळे कुंभाराच्या भांड्यात ते जणू आधीपासूनच बसलेलं असतं. पिकासोनं त्याला फक्त डोळे दिले.

आता उजवीकडे या. गोल ताटली, मधोमध पक्षी, कडेनं ठिपके. रेघ पिकासोचीच, झपाट्याची. पण हाच पक्षी कागदावर असता तर काय बिघडलं असतं? काहीच नाही. ताटलीच्या खोलगटपणाशी, काठाशी, झिलईशी त्याचं काही देणंघेणं नाही. आमची कसोटी एवढीच आहे: पक्षी मातीतून निघाला आहे की मातीवर बसवला आहे? ही कसोटी लावली तर मादुराच्या पक्ष्यांपैकी बऱ्याच ताटल्या भरतीच्या ठरतात, असं आमचं मत आहे. उलट ५०० प्रतींच्या आवृत्तीतलं लहानसं घुबडही पहिल्या रांगेत येतं. बाजाराचा क्रम याच्या उलट. २५ प्रतींची वस्तू वर आणि ५०० प्रतींची खाली.

कुणी म्हणेल, माती ठीक आहे, पण मुद्राचित्रांना ही कसोटी कशी लावणार? लावून बघू. १९३६मध्ये पिकासोनं अठराव्या शतकातल्या ब्यूफाँ या निसर्गशास्त्रज्ञाच्या ग्रंथासाठी प्राण्यापक्ष्यांची ३१ चित्रं ताम्रपटावर केली. पुस्तक निघालं १९४२ला, २२६ प्रतींत. त्यात गरुड आहे, गिधाड आहे, कोंबडा आहे, शहामृग आहे. तंत्र मोठं मजेचं. साखर घातलेल्या शाईनं तांब्यावर कुंचल्यानं चित्र काढायचं, वर रोगणाचा थर द्यायचा आणि पत्रा कोमट पाण्यात ठेवायचा. साखर फुगते, विरघळते, आपल्यावरचं रोगण घेऊन निघते आणि तेवढाच पत्रा उघडा पडतो. मग आम्ल तिथेच तांबं खातं. म्हणजे कुंचल्याचा ओलेपणा धातूत उतरतो. पिसं ही ओल्या कुंचल्याचीच गोष्ट आहे, म्हणून त्या पानांतले पक्षी इतके जिवंत वाटतात.

आणि मग ते प्रसिद्ध कबूतर. तारीख ९ जानेवारी १९४९, पॅरिसमधला मुर्लो यांचा छापखाना. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरं कबूतर, पायांवरसुद्धा पिसं. ऑलिव्हची फांदी नाही, उड्डाण नाही. मातीसनं भेट दिलेलं शौकिनांच्या जातीचं एक कबूतर शांत उभं आहे, इतकंच. पिकासोनं पातळ केलेल्या शाईचे हात जस्ताच्या पत्र्यावर दिले. छापल्यावर पक्ष्याचा पांढरा रंग कुठून आला? रंग लावलेलाच नाही, तो कोरा कागद आहे. बाटलीतून कबूतर निघालं तसं इथे ते कागदातून निघालं. आमची कसोटी इथेही टिकते. एप्रिलमध्ये पॅरिसला शांतता परिषद भरणार होती. पिकासो १९४४पासून कम्युनिस्ट पक्षात होता. कवी लुई आरागाँ यांनी परिषदेच्या भित्तिपत्रकासाठी हे चित्र निवडलं आणि एका छापखान्यातलं कबूतर भिंतीभिंतींवर गेलं.

मूळ लिथोग्राफच्या क्रमांकित प्रती फक्त ५०. पण विचार करा, तेवढ्यांवरच हे कबूतर थांबलं असतं तर आज त्याला कुणी शांतीचं कबूतर म्हटलं असतं का? त्याचा अर्थ भिंतींवर तयार झाला, चौकटीत नव्हे. संख्या वाढली की मोल कमी होतं हा बाजाराचा नियम. या कबुतरानं तो खोटा पाडला.

इथे आमची एक फजिती सांगायला हवी. बऱ्याच वर्षांपूर्वी परदेशातल्या एका दुकानात आम्ही हेच कबूतर घेतलं. दुकानदारानं लिथोग्राफ म्हणून दिलं, खाली सहीही होती. घरी भिंग लावलं तर करड्या छटांच्या जागी ओळीनं मांडलेले बारीक ठिपके, वर्तमानपत्राच्या फोटोत असतात तसे. सहीसुद्धा छापलेलीच. खऱ्या लिथोग्राफमध्ये शाईचे अनियमित कण आणि ओघळ दिसतात, अशी शिस्तीत उभी ठिपक्यांची पलटण दिसत नाही. पैसे गेले. पण खरं सांगतो, पैशांपेक्षा वेगळंच काहीतरी लागलं. भिंग लावायच्या आधी दोन दिवस आम्ही त्या चित्रावर खूश होतो. तो आनंद खोटा होता का? पुष्कळ दिवस आम्ही स्वतःला म्हणत राहिलो, की आपलं प्रेम शिक्क्यावर होतं, पक्ष्यावर नव्हतं. मग एकदा खऱ्या लिथोग्राफसमोर उभं राहायचा योग आला. मानेखालची करडी छटा, छातीवर शाई ओसरत जाते ती जागा, त्यातून वर येणारा कागद. आमच्या प्रतीत ते काहीच नव्हतं. तेव्हा कळलं, भिंग शिक्का तपासायला नाही, पक्षी बघायला लावायचं असतं. खोट्या प्रतीत तोच हरवलेला असतो.

शेवटचा मुद्दा संग्राहकाचा. 'गांधी' हा १९८२चा चित्रपट काढणारे रिचर्ड ॲटनबरो आपल्याला माहीत आहेत. ते आणि त्यांच्या पत्नी शीला सिम यांनी १९५४मध्ये मादुराच्या वस्तू घ्यायला सुरुवात केली, दक्षिण फ्रान्समधल्या कुटुंबाच्या सुट्ट्यांत. त्या वेळी या वस्तू सुट्टीवर आलेल्या माणसाला परवडत. एकेक करत मोठा संग्रह झाला. २००४च्या त्सुनामीत त्यांची मुलगी जेन आणि नात ल्यूसी गेल्या. त्यानंतर, २००७मध्ये, त्या दोघींच्या स्मरणार्थ हा संग्रह लेस्टरच्या संग्रहालयात लोकांसाठी ठेवला गेला. ज्या सुट्ट्यांत ती भांडी घेतली त्या सुट्ट्यांचीच आठवण त्यांनी सगळ्यांपुढे मांडली, असं आम्हाला वाटतं.

दुसरं टोकही बघा. २०१२ला मादुराचा स्वतःचा साठा लंडनमध्ये लिलावात निघाला. पाचशेहून जास्त वस्तू, एकही न विकता राहिली नाही, एकूण रक्कम ८० लाख पौंडांच्या वर. त्यांतल्या बऱ्याच आज तिजोरीसारख्या कोठारांत असतील. पाणी ओतायची सुरई, जिच्यात आता कुणी पाणी ओतणार नाही. आम्ही विकत घेणाऱ्यांना नावं ठेवत नाही. पण जी वस्तू अर्धी भांडं आणि अर्धी पक्षी आहे, तिचं भांडंपण काढून घेतलं की पक्षीही अर्धाच उरतो.

मग आपण काय करायचं? मादुराचं घुबड आज आपल्याला परवडणार नाही, आणि ते घ्या असं आम्ही म्हणतही नाही. पण तुमच्या ओळखीच्या कुंभाराकडे, एखाद्या तरुण मुद्राचित्रकाराकडे जा. पन्नासातली एक प्रत घ्या. घेताना आकडा शेवटी बघा. आधी बघा, पक्षी त्यातून निघाला आहे की त्यावर बसवला आहे. आणि घरी नेल्यावर माळ्यावर ठेवू नका. घुबड असलं तरी.

आता तुमचे प्रश्न घेऊ.